मोटारीच्या इंजिनाचें फाउंडेशन : परीक्षा व बदल

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या कास्तकाराच्या अंगणांत हल्लीं ट्रॅक्टराच्या जोडीला एखादी जीप किंवा लहान मोटारहि उभी दिसते. ट्रॅक्टराचीं दुखणीं त्याच्या परिचयाचीं असतात. पंपाचें डिझेल इंजिन तर तो स्वतः उघडतो आणि स्वतः जोडतो. मोटारीच्या बाबतींत मात्र तो सर्वस्वीं मिस्त्रीच्या हवालीं होतो, आणि गाडी थरथरूं लागली कीं मिस्त्री सांगेल त्या खर्चास मान डोलावतो. या थरथरीचें एक अगदीं साधें, परंतु बहुधा सर्वांत शेवटीं पाहिलें जाणारें कारण म्हणजे इंजिन ज्या रबरी पायांवर बसविलेलें असतें ते पाये फाटणें किंवा दबून जाणें हें होय. कंपनीच्या पुस्तकांत त्यांस ‘इंजिन माउंटिंग’ म्हटलेलें असतें. वर्कशॉपांत त्यांचें नांव ‘फाउंडेशन’ असें रूढ आहे. हें दुखणें घरच्या अंगणांत, पाव तासांत, एक पैसाहि खर्च न करतां ओळखतां येतें. तें कसें ओळखावें, व फाउंडेशन बदलावयाचें झाल्यास कोणती खबरदारी घ्यावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पंपाचें इंजिन आपण सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनीं जखडतों. त्याचा धक्का ओटा व ओट्याखालची जमीन सोसते. ट्रॅक्टरांत बहुधा इंजिन, गिअरबॉक्स व मागचा आंस हे तिन्ही एकमेकांस बोल्टांनीं जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टराचा कणा असतो. तेथें रबराला जागाच नसते, म्हणून ट्रॅक्टर चालविणाराचीं हाडें दुखतात. मोटारीची गोष्ट निराळी. तिचें शरीर पातळ पत्र्याचें. इंजिन त्याला थेट आवळलें तर सारी गाडी डफासारखी वाजूं लागेल. म्हणून इंजिन व गिअरबॉक्स यांचा एकत्र बोजा तीन किंवा चार ठिकाणीं रबरी पायांवर टेकविलेला असतो. हा पाया म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या व त्यांच्यामध्यें उष्णतेनें व दाबानें कायमचें चिकटविलेलें जाड रबर. एका पट्टीचा बोल्ट इंजिनाकडे, दुसरीचा गाडीच्या शरीराकडे. कित्येक नव्या गाड्यांत या रबराच्या पोटांत द्रव भरलेला असतो. तो अरुंद वाटेनें इकडून तिकडे सरकतां सरकतां हेलकावा जिरवितो.

या पायांवर दोन प्रकारचे भार येतात. पहिला इंजिनाच्या ठोक्यांचा. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीनें फिरत असतां सेकंदाला सुमारें २७ ठोके देतें. तीन सिलिंडरांचें त्याच गतीनें २० ठोके देतें. ठोके जितके विरळ तितकी थरथर अंगाला अधिक जाणवते. सन १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली मारुती ८०० तीनच सिलिंडरांची होती. तशा गाडीची उभ्या जागची थोडी थरथर हा तिचा स्वभाव समजावा, रोग समजूं नये.

दुसरा भार पिळाचा, आणि पाये मोडतात ते बहुतकरून याच भारानें. बोअरमध्यें सोडलेली समर्सिबल मोटार सुरू होतांना वरचा पाइप कसा उलट दिशेनें पिळला जातो, हें ज्यानें पाइपाला हात लावून पाहिलें आहे त्याला हें लगेच उमजेल. इंजिन दांडा एका बाजूस फिरवितें, तेव्हां त्याचें स्वतःचें धड दुसऱ्या बाजूस कलूं पाहतें. गिअरबॉक्स हा पीळ कितीतरी पट वाढवितो. उदाहरणार्थ, इंजिनाचा पीळ १०० न्यूटन-मीटर आहे, पहिला गिअर त्याला साडेतीनपट करतो व डिफरन्शिअल त्याला आणखी चौपट करतें असें धरा. जीपसारख्या गाडींत, जेथें इंजिन उभें म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसविलेलें असतें व मागचीं चाकें ओढतात, तेथें इंजिनाच्या पायांवर ३५० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. पुढची वाढ मागच्या आंसाचे पाटे सोसतात. परंतु आजच्या लहान मोटारींत इंजिन आडवें असून पुढचीं चाकें ओढतात व डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटांत असतें. तेथें १,४०० न्यूटन-मीटरचा सारा पीळ त्या तीनचार रबरांवरच पडतो. म्हणूनच अशा गाडींत खालच्या अंगाला, दोन्ही टोकांस रबर असलेला एक आंखूड दांडा निराळा दिलेला असतो. त्याचें काम वजन उचलण्याचें नसून केवळ इंजिनाचें डुलणें आवरण्याचें आहे. आणि सर्वांआधीं बहुधा तोच जातो.

रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति चार्ल्स गुडइयर यानें सन १८३९ मध्यें शोधून काढली, तरी इंजिनाखालीं रबर नेमकें कोठें ठेवावें हें कळण्यास पुढें जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. सन १९३१ मध्यें अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लायमाउथ गाडींत इंजिन दोन रबरी टेकूंवर असें बसविलें कीं, पुढचा टेकू उंच व मागचा सखल, आणि त्या दोहोंस जोडणारी रेषा इंजिनाच्या वजनाच्या मध्यांतून जावी. त्यामुळें इंजिन आपल्याच जागीं डोलूं शके व गाडीला धक्का पोंचत नसे. फ्रान्सांतील सित्रोएन कंपनीनें लागलीच त्या युक्तीचा परवाना घेतला. हें सांगण्याचें कारण असें कीं, पायाची जागा व त्याच्या रबराचा मऊपणा हीं दोन्हीं मोजून ठरविलेलीं असतात. हातीं लागेल तें रबर कोंबून भागत नाहीं. जुन्या ट्रकच्या टायराचा तुकडा कापून पायाच्या जागीं बसविण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. टायरांत धागे किंवा तारा असतात, म्हणून तें रबर फार ताठ असतें. थरथर तशीच शरीरांत उतरते व कांहीं महिन्यांत ब्रॅकेटाला चीर पडते. शिवाय तो तुकडा कोणत्याहि पट्टीला चिकटलेला नसल्यामुळें वर उचलणारें इंजिन धरून ठेवणें त्याला शक्यच नसतें.

पाये खराब कां होतात? वय व इंजिनाची उष्णता यांनीं रबर टणक होऊन चिरतें, हें सर्वत्रच खरें. आपल्या भागांत त्यांत आणखी भर पडते. पावसाळ्यांत पांदणीनें जाणें, धुरा ओलांडून बांधींत गाडी घालणें, चिखलांत रुतलेली गाडी पुढेंमागें झटके देऊन काढणें, या प्रत्येक वेळीं पहिल्या गिअराचा पूर्ण पीळ एकाएकीं पायांवर आदळतो. क्लच झटक्यानें सोडणारा चालक आपल्या पायांनीं गाडीचे पाये तोडीत असतो असें म्हटलें तरी चालेल. परंतु सर्वांत अधिक नुकसान तेल करतें. साधें रबर इंजिनऑइल, डिझेल व रॉकेल यांनीं फुगतें, लिबलिबीत होतें व पट्टीपासून सुटतें. सिलिंडरावरच्या झांकणाच्या पॅकिंगांतून झिरपणारें तेल बरोबर खालच्या पायावर ठिबकत असेल, तर नवा पायाहि फार काळ टिकणार नाहीं. आणखी एक खोड वॉशिंग सेंटरवाल्यांची आहे. धुतल्यानंतर गाडीचें पोट काळें चकचकीत दिसावें म्हणून ते खालून डिझेल किंवा जळकें तेल फवारतात. मालकाला तें पाहून बरें वाटतें. रबराला तें विष आहे. गाडी धुण्यास देतांना ‘तेल मारूं नका’ असें स्पष्ट बजावावें.

पवनीकडील एका कास्तकाराच्या जीपची हकीकत या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. गाडी उभी असतां स्टीअरिंग थरथरे व निघतांना खालून ठोका बसे. पहिल्या वर्कशॉपनें क्लचप्लेट बदलली. थरथर राहिली, तेव्हां इंजेक्टर काढून दुरुस्तीस पाठविले. दरम्यान सायलेन्सरचा पाइप दोनदां तुटला व दोनदां वेल्डिंग झालें. शेवटीं दुसऱ्या एका मिस्त्रीनें खालीं निजून गिअरबॉक्सखालचा पाया पाहिला, तों त्याचें रबर गिअरऑइलनें फुगून पट्टीपासून सुटलेलें आढळलें. तो पाया व गळणारें सील बदलतांच गाडी शांत झाली. पाइप दोनदां कां तुटला, एवढाच प्रश्न पहिल्या खेपेला कोणीं विचारला असता तर बाकीचा खर्च टळता. कारण इंजिन हलूं लागलें कीं त्याला जोडलेला आणि पुढें शरीराला लटकविलेला पाइप मध्येंच तुटतो. फेरफाराची नोंद न पाहतां सातबारा दुरुस्त करण्याचाच हा प्रकार.

तेव्हां आधीं रोगाची निवड करावी. गाडी रस्त्यावर एका ठराविक वेगालाच थरथरत असेल, आणि गिअर न्यूट्रल करून धांवूं दिली तरी थरथर कायम असेल, तर दोष चाकांत अथवा टायरांत आहे. इंजिनाकडे पाहूं नये. केवळ निघण्याच्या क्षणीं, क्लच धरतांना हादरा बसून मग सर्व सुरळीत होत असेल तर क्लचचा संशय घ्यावा. परंतु फाटलेल्या फाउंडेशनचेंहि तेंच लक्षण असतें, म्हणून क्लच उघडण्यापूर्वीं फाउंडेशन पाहणें हाच शहाणपणा. गाडी उभी असतां थरथर बसते पण ठोके एकसारखे नसून मधून मधून एखादा चुकतो, किंवा समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे, तर एखादा सिलिंडर काम करीत नाहीं असें समजावें. ठोके एकसारखे आहेत, थरथर उभ्या जागीं आहे, थोडा ॲक्सिलरेटर दाबतांच ती बरीच कमी होते, गाडी सुरू वा बंद करतांना व गिअर बदलतांना ‘ठक्’ असा आवाज येतो, ही लक्षणमालिका फाउंडेशनची होय.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. कोणता सिलिंडर चुकतो हें पाहण्यासाठीं जुने डिझेल मिस्त्री इंजेक्टरच्या पाइपाचें नट एकामागून एक सैल करीत. पंपाच्या इंजिनावर ही रीत आपण सर्वांनीं पाहिली आहे. आजच्या कॉमन रेल डिझेल गाडीवर ती कधींहि करूं नये. त्या पाइपांत तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो; सुटलेली बारीक धार कातडी भेदून आंत शिरते, आणि त्यामुळें हात गमावण्याची पाळी येते.

आतां परीक्षा. इंजिन थंड असतां, दिवसाउजेडीं, बॅटरीचा झोत टाकून प्रत्येक पाया पाहावा. रबराच्या पृष्ठभागावरील बारीक रेघांना महत्त्व नाहीं. पण चीर आरपार गेली आहे, रबर पट्टीपासून सुटलें आहे, एक बाजू दबून लोखंड लोखंडाला टेकलें आहे, किंवा द्रवाच्या पायाखालीं काळसर ओघळ आहे, तर पाया गेला. चिखल बसला असल्यास आधीं साध्या पाण्यानें धुवावा, नाहीं तर कांहींच दिसणार नाहीं.

दुसरी परीक्षा दोघांनीं करावयाची. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा, चाकांपुढें व मागें दगड लावावे, बॉनेट उघडावें. एकानें गाडींत बसून इंजिन सुरू करावें, ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर घालावा, आणि क्लच एवढाच सोडावा कीं इंजिनाला जोर लागल्याचें कळावें; लगेच क्लच पुन्हां दाबावा. मग हेंच मागच्या गिअरांत करावें. ज्या गाडींत क्लचच नाहीं, तिच्यांत ब्रेक दाबून ठेवून लीव्हर पुढच्या व मागच्या जागेवर टाकावा, ॲक्सिलरेटर मुळींच दाबूं नये. पाहणारानें बाजूस, पुढच्या चाकाच्या पत्र्याजवळ उभें राहावें. गाडीच्या समोर किंवा मागें उभें राहणें म्हणजे जीवाशीं खेळ होय. शर्टाची बाही, गमछा, उपरणें पंख्यापासून दूर ठेवावें. इंजिन बोटभर डुललें तर तें ठीक. दोनतीन बोटें उचललें व परत बसतांना लोखंडी ठोका ऐकूं आला, तर पाया तुटलेला आहे. जीपसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडींत पुढच्या गिअरांत इंजिनाची डावी बाजू उचलते, मागच्या गिअरांत उजवी. यावरून कोणता पाया सुटला तें कळतें. आडव्या इंजिनांत डुलणें पुढें-मागें होतें, व फार डुललें तर संशय प्रथम खालच्या आंखूड दांड्याचा घ्यावा.

तिसरी परीक्षा जॅकची. इंजिन बंद असतां खालीं जाड फळी ठेवून जॅकनें तें किंचित् वर ढकलावें व पायाकडे पाहावें. चांगलें रबर थोडें ताणतें व थांबतें. तुटलेल्याच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. फळीवांचून जॅक तेलाच्या टांकीला कधीं लावूं नये. टांकी पत्र्याची असेल तर ती दबते व बिडाची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर तडकते.

रोग निश्चित झाल्यावर बदलण्याचा विचार. वरून हात पोंचतो असे बाजूचे पाये व खालचा आंखूड दांडा ज्याला पाने-बोल्टांची संवय आहे त्यानें घरीं बदलण्यास हरकत नाहीं. ज्या पायासाठीं गाडीची खालची चौकट उतरवावी लागते, तें काम वर्कशॉपांतच द्यावें. तेथें चेनकुप्पीनें इंजिन वरून धरतां येतें. एक पाया फाटला म्हणून सगळे बदलावे कीं काय, याविषयीं मतभेद आहे. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, तपासल्यावांचून सगळे बदलणें हा पैशाचा नाश आहे. तथापि फाटलेल्या पायाचा भार जोडीदारानें वाहिलेला असतो, म्हणून समोरासमोरची जोडी एकाच वयाची असल्यास ती एकदमच बदलावी. नवा पाया घेतांना गाडीचें मॉडेल, साल व इंजिनाचा प्रकार सांगून जुन्याशीं ताडून पाहावा. पेट्रोल व डिझेल गाडीचे पाये बाहेरून सारखे दिसले तरी रबर निराळें असूं शकतें. दुकानदाराकडून पार्टनंबर लिहिलेली पावती घ्यावी.

कामाच्या आदल्या दिवशीं गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडविणारें तेल टाकावें, परंतु जे पाये ठेवावयाचे आहेत त्यांच्या रबरावर तें सांडूं देऊं नये. गाडी पक्क्या सपाट जमिनीवर, चाकांना दगड लावून उभी करावी. ओल्या अंगणांत किंवा शेणानें सारवलेल्या मातीवर जॅक खचतो. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. गाडी उचलावी लागत असेल तर ती लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखालीं कोणींहि, क्षणभरहि, शिरूं नये. विटांची थप्पी ही घोडी नव्हे. विटा एकाएकीं फुटतात.

मग फळी व जॅक यांनीं इंजिनाचा भार उचलावा. पायावरचें वजन हलकें होईल इतकाच, अधिक नाहीं. उचलतांना रेडिएटरचे नळ, एसीचे पाइप व तारा ताणत नाहींत ना, पंखा आपल्या वेष्टनाला घांसत नाहीं ना, हें दुसऱ्यानें पाहात राहावें. एका वेळीं एकच पाया काढावा. दोन काढले तर इंजिन कलतें व बोल्टांचीं भोकें पुन्हां जुळविण्यांत अर्धा दिवस जातो. आडव्या इंजिनांत तर तें खालीं घसरून मनुष्य दबण्याचेंहि भय असतें. जुना पाया काढण्यापूर्वीं तो कसा बसला होता त्याचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. कित्येकांवर दिशा दाखविणारा बाण असतो, व उष्णता अडविणारा लहान पत्राहि असतो. तो पत्रा निरुपयोगी समजून फेंकून देऊं नये. तेल गळत असेल तर गळती या वेळींच बंद करावी.

नव्या पायाचे सर्व बोल्ट प्रथम हातानेंच बसवावे. हातानें आंटे बसत नाहींत म्हणून पान्यानें जोर करूं नये, जॅक थोडा वरखालीं करून भोक जुळवावें. रबराला ग्रीस अगर तेल लावूं नये. एखादी रबरी बुश सरकत नसेल तर साबणाचें पाणी पुरे. यानंतर जॅक हळूहळू काढून इंजिनाचा भार पायावर येऊं द्यावा, इंजिन हातानें दोनतीनदां हलवून आपल्या जागीं बसूं द्यावें, व मगच बोल्ट शेवटचे आवळावे. इंजिन उचललेलें असतांनाच आवळले तर रबर पिळलेल्या स्थितींत अडकतें आणि नवा पायाहि थोड्याच दिवसांत फाटतो. जोर किती द्यावा तें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. त्यासाठीं मापाचा पाना म्हणजे टॉर्करेंच वापरावा. नळाचा तुकडा पान्यांत घालून अंगाच्या जोरानें आवळलेला बोल्ट ॲल्युमिनियमच्या आंट्यांसह बाहेर येतो.

रबरामुळें इंजिन शरीरापासून वेगळें पडलेलें असतें, म्हणून त्या दोहोंस जोडणारी विणलेल्या तांब्याची एक जाड पट्टी, जिला अर्थिंग म्हणतात, तिच्यावांचून विजेला परतीची वाट राहात नाहीं. फाउंडेशन बदलतांना ती काढली असेल तर तिचीं टोकें घांसून घट्ट बसवावीं. ती विसरल्यास स्टार्टर जड फिरतो, किंवा वीज क्लचच्या वायरींतून वाट काढून ती वायर तापवून जाळते, आणि मालक नवी बॅटरी घेऊन बसतो. बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करावें, दोघांनीं करावयाची परीक्षा पुन्हां एकदां घ्यावी, व सुमारें ५०० किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व बोल्ट एकवार तपासावे. बदलाची तारीख व मीटरचा आंकडा गाडीच्या कागदांत लिहून ठेवावा. पुढें दरसाल वैशाखांत, रोवणीच्या चिखलांत गाडी जाण्यापूर्वीं, एकदां खालीं वांकून बॅटरीचा झोत टाकला म्हणजे पुरे.